भिंतीवरचं कडं

४ फेब्रुवारी

ताईस,

धाकटीचा नमस्कार. भावोजींनाही सांग, आणि त्यांच्या गुडघ्याला वेगळा सांग, कारण गेल्या पत्रात अर्धं पान त्या गुडघ्यानेच खाल्लं होतं.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. फोन केला असता, पण तू फोन उचलतेस तीच "बरं, ठेवते" म्हणत. तुझ्याशी बोलायचं तर कागदच बरा. शिवाय सवय गं. आई होती तेव्हा तू तिला माझी पत्रं मोठ्याने वाचून दाखवायचीस, आणि मीही त्या बेताने लिहायचे. गमतीजमती भरपूर, कुरकुर थोडी, आजारपण अजिबात नाही. आई जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हात तसाच चालतो.

घरच्या बातम्या म्हणजे मागच्या खोलीला ओल धरली होती ती एकदाची निघाली, आणि खोली रंगवून घेतली. रंगाऱ्याने वचन दिलं होतं फिकट हिरव्याचं, लावून गेला पांढराफटक. भांडायला गेले तर म्हणतो, "बाई, वाळला की हिरवा दिसेल." अजून वाळतोय.

तू विचारलंस की दिव्यात एवढं डिझाइन करण्यासारखं असतं तरी काय, बटण दाबलं की लागतो. हा प्रश्न भावोजींचा आहे, फक्त अक्षर तुझं. त्यांना सांग, एलईडी म्हणजे मसुराच्या दाण्याएवढा एक पिवळा ठिपका. तो पेटला की उजेड वाट फुटेल तिकडे उधळतो, त्यातला निम्मा छताकडे नाहीतर बाजूला जाऊन फुकट. माझं काम त्या ठिपक्यावर बसणारं प्लास्टिकचं भिंग आखायचं. बाजूला पळणारा उजेड भिंगाच्या आतल्या आत वळवायचा आणि पुढे, पुस्तकावर आणून सोडायचा. आई डब्याच्या तळाचं पीठ बोटांनी निपटून काढायची ना, तसं. थोड्या विजेत पुष्कळ उजेड, आणि त्यातला कणही सांडायचा नाही.

तुला पाठवलेला वाचायचा दिवा त्याच भिंगाचा. अजून बाजारात आलेला नाही, हाताने घासून बनवलेले चार-पाच नमुने आहेत, त्यातला एक तुझ्याकडे. मोजणीत तो आमच्या कारखान्यातल्या आजवरच्या सगळ्या दिव्यांना मागे टाकून गेला. मोजणी कशी करतात माहीत आहे? आमच्याकडे माणूस आत बसेल एवढा एक पोकळ गोळा आहे, आतून पांढरा रंगवलेला. आम्ही त्याला भोपळा म्हणतो. दिवा आत लावायचा, भोपळा बंद करायचा, आणि बाहेर बसून मोजणीबाई एकूण उजेडाचा आकडा वाचते. मोजणीबाई म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरची. काम मोजायचं, म्हणून नाव पडलं, आता पगारही त्याच नावाने येतो असं ती म्हणते. तो आकडा पाहून साहेबांनी सबंध खात्याला चहा पाजला. साहेबांच्या खिशाला हे शोभत नाही, यावरूनच काय ते समज.

आता पोलादाचा साचा कापायला टाकला आहे. साचा झाला की भिंगं हजारांनी पडायला लागतील.

महिनाभर येऊन राहा म्हणतेस. यायला मला काय, आवडलंच असतं. पण साच्याकडे लक्ष ठेवायला हवं, तो झाला की पहिल्या भिंगांची तपासणी, मग साहेबांची काहीतरी घाई असणारच, मग उन्हाळा. पुढच्या वर्षी बघू. नक्की.

तुझ्या पत्रातल्या सगळ्याच गोष्टींना उत्तर दिलं असं वाटतं.

जाता जाता सहज विचारते. आईची नजर जायला लागली तेव्हा अगदी सुरुवातीला तिला दिव्याभोवती कडं दिसायचं ना, ते कसलं असायचं? म्हणजे रंग कुठला? तिने तुलाच सांगितलं होतं, मला नाही. आमच्या कामात असल्या गोष्टी उपयोगी पडतात, म्हणून.

तुझी, कामात बुडालेली,
धाकटी


१८ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आज सकाळी आलं. एवढं लहान पत्र तू जन्मात लिहिलं नसशील. "कामात उपयोगी पडतात म्हणे! मी काय कालची आहे? माझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीला उत्तर का दिलं नाहीस ते आधी सांग." बस्स, एवढंच. भावोजींच्या गुडघ्याचं नावसुद्धा नाही, म्हणजे तू खरोखरच चिडली आहेस.

सांगते. पण मध्येच उठून फोन करू नकोस. फोनवर मला हे बोलता येणार नाही.

तुझी ती ओळ मला पाठ झाली आहे. "दिवा छानच आहे, अक्षर कसं लख्ख दिसतं, फक्त उजेड भिंतीवर पडला की त्याला बाहेरून पिवळं कडं दिसतं, माझ्याच डोळ्यांचं काही असेल." ती मी परत परत वाचली. कारण ते कडं मलाही दिसतं. पहिला नमुना पेटवला तेव्हापासून दिसतं. मध्ये निळसर पांढरा उजेड आणि बाहेरून पिवळी कड, अंड्याच्या बलकासारखी पिवळी. आधी वाटलं डोळे शिणले असतील. मग सुट्टीच्या दिवशी चांगली झोप काढून नमुना घरी आणला आणि मागच्या खोलीतल्या त्या पांढऱ्या भिंतीवर सोडून बघितला. कडं तिथेही होतं.

मी कुणालाच विचारलं नाही. तू म्हणशील, मूर्खासारखं का नाही विचारलंस? अगं, विचारायचं कुणाला आणि काय तोंडाने? मी भिंगं आखते. "मला दिव्याला कडी दिसतात" असं मी म्हटलं तर उद्या माझ्या हाती भिंग कोण देईल? आणि दिव्यात खोट असेल अशी शंका घ्यायला जागाच नव्हती. भोपळ्याने दिवा उत्तम ठरवला होता. भिंग बनवण्याआधी मी संगणकावर लाखो किरण त्यातून पाठवून बघितले होते, तिथे कडं नव्हतं. दिव्यात नाही, तर राहिलं कुठे? माझ्या डोळ्यात. एवढा हिशेब मी केला आणि गप्प बसले.

तरी मनात कुठेतरी होतं, नसेल काही, भास असेल. तेवढ्यात तुझं पत्र आलं. मग माझी खात्रीच झाली. दोघी बहिणी, आई एकच. आईचे डॉक्टर काय म्हणाले होते आठवतं ना? काचबिंदू घराण्यात असतो, मुलींनी जपून राहा. तू जपून राहिलीस की नाही मला माहीत नाही. मी नाही राहिले. चष्म्याचा नंबर काढून घ्यायलाही मी दुकानात जाते, डॉक्टरकडे जात नाही, कारण डॉक्टर आत बघतात.

आता खरं सांगते. आंधळं व्हायची भीती वाटते हे तर आहेच, कुणाला नाही वाटणार? पण रोज सकाळी उठल्यावर पहिलं डोळ्यांपुढे येतं ते दुसरंच. आई तुझ्या खांद्यावर हात ठेवून घरभर फिरायची ते. "चल गं इंजिन," म्हणायची आणि तू निघायचीस, स्वयंपाकघर, अंगण, परत खोली. मी शिकायला लांब होते. सुट्टीत यायचे, तुम्हा दोघींमागे तिसरा डबा होऊन फिरायचे, शिट्टी मारायचे, हसायचे आणि सुट्टी संपली की निघून जायचे. तुला त्याच काळात दुसऱ्या गावच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून बोलावणं आलं होतं, ते तू कुणाला न सांगता परत केलंस. मला ते भावोजींकडून कळलं, तेही कितीतरी वर्षांनी.

उद्या माझे डोळे गेले तर माझा हात कुणाच्या खांद्यावर पडणार? तुझ्याच. दुसरं आहे कोण? तुझं अर्धं आयुष्य आईने खाल्लं असं मी म्हणणार नाही, आईबद्दल असं म्हणवत नाही. पण उरलेलं अर्धं मी खायचं? आणि तुझेही डोळे गेले तर काय, डब्याला डबा ओढणार? म्हणून यायचं टाळत होते. मी जिना उतरताना कठड्याला हात लावला असता, की तुला तिथल्या तिथे कळलं असतं.

एक गोष्ट वाचून हसशील तर हस. मागच्या खोलीत मी डोळे मिटून चालायचा सराव करत होते. म्हटलं वेळ आली तर आपली आपल्याला सवय असावी. तिसऱ्या दिवशी कपाटावर आदळले. कपाळावर चांगलं टेंगूळ आलं आणि कारखान्यात सगळ्यांना "दार लागलं" म्हणून सांगितलं. मोजणीबाई म्हणाली, "दाराची कडी कमरेशी असते, तुझं कपाळ तिथे काय करत होतं?"

उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाते आहे. वेळ ठरवली आहे. तू ओरडशील म्हणून नाही. बरं, तू ओरडशील म्हणूनच. पण तूही जा. माझ्यासाठी थांबू नकोस, भावोजींचा गुडघा बरा व्हायची वाट बघू नकोस. जा.

तुझीच,
धाकटी


२१ फेब्रुवारी

ताई, अगं ताई,

नाही! काचबिंदू नाही. मोतीबिंदू नाही. काही नाही. तू पत्र उघडलं की आधी शेवट वाचतेस हे मला ठाऊक आहे, म्हणून आज शेवट वर घेतला. जीव भांड्यात पडला गं माझा. आता सावकाश बस आणि बाकीचं वाच.

डॉक्टर माझ्यापेक्षा लहान वाटल्या, पण बोलायला खमक्या. आधी डोळ्यांचा दाब मोजला. मग एका यंत्रापुढे बसवलं. यंत्र म्हणजे काय, अर्धा पोकळ गोळा, आतून पांढरा! त्यात डोकं घालून बसायचं, कुठे बारीक ठिपका चमकला की बटण दाबायचं. आमच्या भोपळ्याचं पिल्लूच ते. एरवी मी त्याचा रंग, जोड, ठिपक्याचा आकार सगळं निरखलं असतं. त्या दिवशी नुसती बटण दाबत होते आणि दर ठिपक्याला मनात म्हणत होते, हा दिसला, हाही दिसला.

शेवटी थेंब घालून आत बघितलं. सगळं झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "डोळे छान आहेत तुमचे. आलात कशासाठी?"

मी कड्याचं सांगितलं. आईचंही सांगितलं.

"हा माझ्या टेबलावरचा दिवा. याच्याभोवती कडं दिसतं?"

"नाही."

"येताना रस्त्यावरच्या दिव्यांभोवती दिसलं?"

"नाही."

"मग दिसतं कुठे?"

"भिंतीवर. एका ठरावीक दिव्याचं."

"कुठून कुठपर्यंत आहे ते भिंतीवर बोट ठेवून दाखवाल?"

"बोट कशाला, मी पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे. रोज बघते, वाढलं का म्हणून."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "अहो बाई, डोळ्यातलं कडं डोळ्याबरोबर फिरतं. मान वळवली की तेही वळतं. ज्याला पेन्सिलीने खूण करता येते ते कडं भिंतीवरच असतं. तुम्ही काम काय करता?"

"दिव्यांची भिंगं आखते."

त्या इतक्या हसल्या की बाहेर बसलेल्या पेशंटने दार ढकलून आत डोकावलं. मीही हसले, पण जरा उशिराने. आधी समजायलाच वेळ लागला.

थेंबांमुळे पुढचे काही तास सगळं धूसर दिसतं, म्हणून त्यांनी बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. समोरून माणसं जात होती, चेहरे पुसलेले, आणि मी त्या धूसरपणात बसून रडत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू! शेजारच्या आजोबांना वाटलं माझं काहीतरी भयंकर निघालं. त्यांनी मला आपला रुमाल दिला. मी "सगळं चांगलं आहे हो" म्हटलं तर आणखीच कळवळले. धुऊन परत करायला त्यांचा पत्ता घ्यायचा राहिला, रुमाल माझ्याकडेच आहे.

आणि तिथेच बसल्या बसल्या डोक्यात प्रकाश पडला. भावोजींनाही वाच, त्यांचा प्रश्न होता ना. एलईडीच्या आतला तुकडा खरं तर निळा उजेड देतो. त्याच्यावर पिवळ्या पुडीचा पातळ थर असतो. थोडं निळं तसंच बाहेर येतं, थोड्याचं पिवळं होतं, आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. आता सरळ वर येणारा किरण त्या थरातून पटकन पार होतो, पण तिरका जाणारा किरण त्याच थरातून लांबची वाट काढतो, म्हणून जास्त पिवळा होऊन निघतो. म्हणजे मधला उजेड निळसर आणि कडेचा पिवळा. हे मला पाढ्यांसारखं पाठ आहे, नव्या मुलांना मीच शिकवते!

पण संगणकावर किरण सोडताना वेळ वाचावा म्हणून मी सगळ्या किरणांना एकच रंग दिला होता, पांढरा. मग पडद्यावर कडं दिसणार कसं? आणि भोपळ्याचं तर कामच सगळा उजेड एकत्र ढवळून एक आकडा सांगायचं. आत कडं असलं तरी ते ढवळून निघतं. उरला माझा डोळा. तो बिचारा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता, आणि मी त्यालाच आजारी ठरवलं. भिंग इतकं नेटकं जमलं होतं की त्याने मधला उजेड मध्ये आणि कडेचा कडेला जसाच्या तसा नेऊन ठेवला. भिंग जरा ओबडधोबड असतं तर रंग आपोआप मिसळले असते.

दुसऱ्या दिवशी मोजणीच्या काळ्या खोलीत गेले, पांढऱ्या फळ्यावर दिवा सोडला आणि मोजणीबाईला सरळ विचारलं, "कडं दिसतं?"

"दिसतं की. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू रोज त्याच्याकडे टक लावून बघायचीस आणि चकार शब्द काढायची नाहीस. म्हटलं मुद्दाम ठेवलं असशील, काहीतरी नवीन असेल. माझ्या आकड्यात तर काही येत नव्हतं."

आमचा आवाज ऐकून साहेब आत आले. त्यांनी फळ्याकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे तुम्हालाही दिसतं?" म्हणाले. "मला वाटलं माझा नंबर वाढला. मी नवा चष्मा करायला टाकलाय." आम्हा दोघींना हसू आवरेना. उजेडाचं काम करणारी आम्ही तीन शहाणी माणसं, एकाच भिंतीकडे बघून तिघेही गप्प.

हसणं ओसरल्यावर मला साच्याची आठवण झाली. साचा कापून झाला होता. त्यातून निघणारं प्रत्येक भिंग कडं घेऊनच जन्माला आलं असतं, आणि हजारो घरांत लोकांना वाटलं असतं आपल्याच डोळ्यांचं काही असेल. पळत साचेवाल्याकडे गेले. हा माणूस सहसा हसत नाही आणि बदल म्हटलं की कपाळाला हात लावतो. त्याला सांगितलं, भिंगाचा पुढचा गुळगुळीत पृष्ठभाग मला नको, त्यावर मधाच्या पोळ्यासारखे बारीक बारीक फुगवटे हवेत, म्हणजे रंग एकमेकांत मिसळतील. त्याने साच्यावरून बोट फिरवलं.

"भिंगावर फुगवटे, म्हणजे माझ्या साच्यात खळगे."

"हो."

"म्हणजे पोलाद काढायचंच ना?"

"काढायचंच."

"मग घाबरता कशाला? काढायचं असेल तर कधीही सांगा. चढवायचं असेल तर देवाला सांगा."

मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. तो म्हणाला, बाजूला व्हा, उजेड अडतोय.

राहिला आकडा. फुगवटे आले की थोडा उजेड इकडेतिकडे सांडणार, आपला पहिला नंबर कदाचित जाणार. साहेबांचं तोंड उतरलं. म्हणाले, थोडक्यासाठी कशाला, गिऱ्हाइकाला कळणारही नाही. ताई, मी साहेबांशी कधी वाद घालत नाही, तुला माहीत आहे. पण डॉक्टरकडून आल्यापासून मला कुणाचीच भीती वाटेनाशी झाली आहे. म्हटलं, "साहेब, भोपळ्यात बसून कुणी पुस्तक वाचत नाही. आणि गिऱ्हाईक सोडा, तुम्ही स्वतः चष्मा बदलायला निघालात." मोजणीबाई तोंड फिरवून खोकली. साहेब थोडे कुरकुरले, आणि मग म्हणाले, "काढा पोलाद."

आता तुझं. तुझंही कडं भिंतीवरचंच असणार, पण मला "असणार" नको. भिंतीवर बोट ठेवून बघ, मान वळवून बघ. आणि ते काहीही निघालं तरी डॉक्टरकडे जा. माझ्या डॉक्टरांनी बजावलं आहे, आईला होता म्हणजे दोघींनी दरवर्षी तपासायचं, आज चांगले आहेत म्हणून उद्या सोडायचं नाही. मी आता टाळणार नाही. तू टाळलंस तर मी येऊन तुला हाताला धरून नेईन. तुझं उत्तर येईपर्यंत माझं हे बरं वाटणं अर्धंच आहे.

वाट बघते आहे,
धाकटी


६ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं. दारातच उभी राहून वाचलं, चप्पलसुद्धा काढली नाही.

आई गेल्यापासून तू दरवर्षी डोळे तपासून घेतेस! दरवर्षी! आणि दरवर्षी डोळे ठीक निघतात, आणि या वर्षीचंही तपासून झालं आहे, माझं पत्र यायच्या आधीच. आणि हे मला का सांगितलं नाहीस, तर "तू घाबरली असतीस." वा गं वा. मी किती कमी घाबरले ते आता कळलंच असेल.

पण खरी कमाल पुढेच आहे. भावोजींना ती ओळ परत वाचून दाखव, त्यांच्याच तोंडावर. "कडं दिव्याचंच आहे हे आम्हाला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. पण तू एवढ्या कौतुकाने पाठवलेला दिवा, त्याला नावं कशी ठेवायची? म्हणून आपलं लिहिलं, माझ्याच डोळ्यांचं काही असेल." ताई, तुझ्या या सभ्यपणाने माझा जीव घेतला असता! शाळेत मुलांच्या चुकांवर लाल पेन्सिलीने रेघा मारून पानं फाडणारी तू, आणि माझ्या एका दिव्याची चूक तुला काढवली नाही? मी हसून हसून भिंतीला टेकले. मग मागच्या खोलीत जाऊन पेन्सिलीच्या खुणा पुसून काढल्या. भिंत अजून हिरवी झालेली नाही.

नव्या भिंगाचा दिवा परवा पेटवला. मोजणीबाई, साहेब आणि साचेवाला, तिघांनाही काळ्या खोलीत उभं केलं आणि सांगितलं, जे दिसेल ते बोलायचं, स्वतःच्या डोळ्यांवर ढकलायचं नाही. फळ्यावर नुसता उजेड होता, मधून कडेपर्यंत एकसारखा. साहेबांनी नवा चष्मा घातला होता. "हा आता विनाकारणच झाला," म्हणाले. आकडा थोडा उतरला, पण पहिला नंबर अजून आपलाच आहे, केसाच्या अंतराने. चहा काही मिळाला नाही.

पत्रातलं तुझं शेवटचं वाक्य मात्र मला हसून घालवता येत नाही. "मला इंजिन व्हायला कुणी लावलं नव्हतं. आईचा हात खांद्यावर असायचा तेव्हा ती कुठे पडणार नाही एवढं तरी मला कळायचं. तुझा हात पडला असता तर मी काय तो झटकला असता, वेडे?"

नाही गं. तू झटकला नसतास. तेच तर माझं भय होतं. मला तुझ्या खांद्यावर ओझं म्हणून यायचं नव्हतं, आणि मी इतकी भ्यायले की नुसती बहीण म्हणून यायचंही सोडून दिलं. तुला दारात बघून किती दिवस झाले! हे मी स्वतःच्या हाताने केलं, कुठल्याही आजाराने नाही. त्याचं फार वाईट वाटतं आणि आता ते संपलं म्हणून फार बरंही वाटतं.

पुढच्या रविवारी येते आहे. महिनाभर राहणार आहे, साहेबांनी रजा दिली आहे. नवा दिवा घेऊन येते. आल्या आल्या तो तुमच्या भिंतीवर लावू आणि तू बघून सांग. खोट दिसली तर तोंडावर सांग, लाल पेन्सिलीने लिहून दे. छान वाटला तरच छान म्हण. भावोजींनाही सांग, गुडघा दुखत असला तरी डोळ्यांनी मत द्यायचं आहे.

आणि संध्याकाळी आपण दोघी त्या अंगणापासून फाटकापर्यंत चालत जाऊ. तू पुढे जायचं नाहीस. खांद्यावर हात मी ठेवणार आहे, ठेवल्याशिवाय राहणार नाही. पण तो उगाच ठेवलेला असेल, वाट दिसत असताना.

तुझ्या मागून नाही, शेजारून चालत येणारी,
तुझी धाकटी